ऊसतोडीहून परतलेल्या मुलांचे अनुभव कसे लिहून घ्यावेत

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील कितीतरी घरांना कुलपे लागतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली कुटुंबे सांगली, सातारा, कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकातील बेळगाव, बागलकोटच्या कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, परततात. त्यांच्यासोबत गेलेल्या मुलांनी हे महिने कसे काढले, ते गावातल्याच शिक्षकाने किंवा महाविद्यालयीन तरुणाने लिहून ठेवावे, असे मला कळकळीने वाटते. मात्र हे काम जपून करावे लागते.

टोळी परतल्याबरोबर वही घेऊन दारात जाऊ नये. त्या दिवसांत घरात उचल फिटली की अंगावर राहिली याचाच घोर असतो. आधी मुलाच्या शाळेचे पाहावे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, दाखला हाती नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही आणि मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गातच बसवावे लागते. आपल्यापेक्षा लहान मुलांत बसवलेला मुलगा मान खाली घालून बसतो. त्याच्याकडून अनुभव ऐकण्याची अपेक्षाच धरू नये.

बोलणे सुरू झाले की, ‘तुला तिथे कसे वाटले?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याला ‘बरं वाटलं’ एवढेच उत्तर येते. कामाचे विचारावे. बांबूच्या तट्ट्यांची कोपी (राहायची झोपडी) कशी उभी केली, पाणी कुठून आणले, वाढ्याची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) पेंढी कशी बांधली, रात्री गाडी भरायला आली तेव्हा कोण उठले, अशा प्रश्नांवर मूल जाणकारासारखे बोलू लागते, आणि ते खरोखरच जाणकार असते. समजा एखादी मुलगी म्हणाली, ‘माय अंधारातच फडात जायची, बारकं रडलं की मी त्याला कडंवर घिऊन बांधापस्तोर जायची,’ तर ते तसेच लिहावे. त्याचे शुद्ध मराठी करू नये आणि तिच्या तोंडी आपली हळहळही घालू नये.

लहान मुलांना जमिनीवर मुक्कामाच्या तळाचा नकाशा काढायला लावावे: कोप्या, उसाचा फड, पाण्याची जागा, रस्ता. मग कुठे एकट्याने जायची भीती वाटायची, एवढेच विचारावे. बोट जिथे थांबते तिथे थोडे थांबावे, पण खोदून विचारू नये.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींशी बोलताना जास्तच सावध राहावे लागते. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरून उचल मिळते, आणि कमी वयात लग्न लावण्यामागे पुष्कळदा हेही कारण असते. त्यामुळे लग्नाचा विषय चारचौघांत काढू नये. ती स्वतः बोलली, तर ऐकणारी शक्यतो बाईच असावी. लग्न ठरवले जात असल्याचे किंवा अंगावर हात टाकल्याचे कळल्यास वही बाजूला ठेवून 1098 या बालकांच्या मदतवाहिनीला कळवावे. गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो.

लिहिलेले मुलाला आणि आईवडिलांना वाचून दाखवावे, ते म्हणतील ते खोडावे, आणि नाव, टोळी, मुकादम, कारखाना ओळखू येईल असे काहीही बाहेर जाऊ देऊ नये. कुटुंबाला पुढच्या हंगामात बहुधा त्याच मुकादमाकडे जायचे असते, हे विसरता कामा नये.

या नोंदी कपाटात पडून राहू नयेत. सप्टेंबरमध्येच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत नावे वगळून त्या वाचाव्यात आणि कोणते मूल आजी-आजोबांकडे राहू शकते, कोणासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी करायची, कोणाला शिक्षण हमी कार्ड (स्थलांतराच्या गावी शाळेत दाखवायचे कार्ड) द्यायचे, हे गाड्या निघण्यापूर्वी घरोघरी बोलून ठरवावे.