लिनक्सवर लॅपटॉप ४०० मेगाहर्ट्झवर अडकलाय? आधी अडवतंय कोण ते बघा

लॅपटॉप चांगला आय५ नाहीतर रायझनवाला, रॅम भरपूर, एसएसडी आहे, तरी ब्राउझरचा टॅब उघडायला पाच सेकंद लागतात. मग आपण गव्हर्नर (प्रोसेसरचा स्पीड किती ठेवायचा ते ठरवणारी सेटिंग) बदलतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलतो आणि शेवटी अख्खा डिस्ट्रोच नव्याने टाकतो. मीही हेच केलंय, एकदा नाही दोनदा, आणि निघालं काय तर चार्जर! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसलाच प्रकार. म्हणून सांगतो, काहीही बदलायच्या आधी स्पीड नक्की कोण अडवतंय ते शोधा, कारण अडवणारे बरेच आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

(कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी स्पेलिंगनेच टाका.)

पहिलं काम, लोड देऊन बघायचं. रिकाम्या बसलेल्या लॅपटॉपचा स्पीड बघून घाबरू नका, काम नसेल तर तो ८०० किंवा ४०० वर उतरणारच, तसं तो करतो म्हणून तर बॅटरी टिकते. एका टर्मिनलमध्ये स्ट्रेस-एनजी (मुद्दाम लोड देणारी कमांड) सगळ्या कोअरवर चालू करा आणि दुसऱ्यात सुडो लावून टर्बोस्टॅट (स्पीड, टेम्परेचर, वॅट दाखवणारी कमांड). (टर्बोस्टॅटला कर्नलचं टूल्सवालं पॅकेज लागतं, डिस्ट्रोनुसार नाव वेगळं असतं.) त्यात तीनच गोष्टी बघायच्या: बिझी मेगाहर्ट्झ (काम चालू असतानाचा स्पीड), पॅकेजचं, म्हणजे इथे अख्ख्या प्रोसेसर चिपचं, टेम्परेचर आणि पॅकेज वॅट. दोनेक मिनिटं चालू द्या.

टेम्परेचर ९५-१०० च्या घरात जाऊन स्पीड खाली येत असेल तर तो गरमीचा मामला आहे, सॉफ्टवेअरशी झटापट करू नका, फॅन साफ करा, जुना असेल तर थर्मल पेस्ट बदला, आणि गादीवर ठेवून वापरत असाल तर ते आधी बंद करा. डीमेसेजमध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) ‘कोअर टेम्परेचर अबव्ह थ्रेशोल्ड’ अशी ओळ दिसली की शंकाच नको.

टेम्परेचर ७० च्या आसपास, पण पहिले अर्धा मिनिट स्पीड जोरात आणि मग वॅटचा आकडा १५ वर येऊन चिकटला, तर ही पॉवर लिमिट आहे. इंटेलमध्ये दोन लिमिट असतात, थोडा वेळ चालणारी मोठी पीएल२ आणि कायमची पीएल१. १५ वॅटच्या चिपने १५ वॅटवर थांबणं हा बिघाड नाहीच मुळी, ती बनवलीच तशी आहे, उगाच तिच्या मागे लागू नका. हां, १५ ची चिप ७-८ वॅटवर अडकत असेल तर मात्र प्लॅटफॉर्म प्रोफाइल (लॅपटॉपचा स्वतःचा पॉवर मोड) बघा. सिस फोल्डरमध्ये फर्मवेअर, त्यात एसीपीआय, त्यात प्लॅटफॉर्म_प्रोफाइल नावाची फाइल असते (सगळ्या लॅपटॉपवर नसते), तिच्यात लो-पॉवर लिहिलं असेल तर बॅलन्स्ड किंवा परफॉर्मन्स करा. पॉवरप्रोफाइल्सकंट्रोल ही कमांड कधीकधी ‘लॅप-डिटेक्टेड’ असं कारणही दाखवते, म्हणजे लॅपटॉपला वाटतंय तो मांडीवर आहे आणि मांडी भाजू नये म्हणून तो स्वतःच हळू चालतोय. टेबलावर ठेवा, सुटेल.

आता सॉफ्टवेअरवाले. सीपीयूपॉवर फ्रिक्वेन्सी-इन्फो चालवा. ड्रायव्हर कोणता, हार्डवेअरची मर्यादा किती आणि सध्याच्या पॉलिसीची मर्यादा किती ते सगळं येतं. पॉलिसीची वरची मर्यादा हार्डवेअरपेक्षा कमी दिसली तर बहुतेक वेळा टीएलपी नाहीतर ऑटो-सीपीयूफ्रेक असलं बॅटरी वाचवणारं काहीतरी तुम्हीच कधीतरी टाकून विसरलाय. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डेमन (वरची पॉवरप्रोफाइल्सकंट्रोल कमांड याचीच) दोन्ही एकत्र ठेवू नका, एकाने केलेलं दुसरा पुसतो.

गव्हर्नर ‘पॉवरसेव्ह’ दिसला की सगळे ओरडतात सापडला सापडला, पण थांबा. इंटेल_पीस्टेट ड्रायव्हर अ‍ॅक्टिव्ह मोडमध्ये असेल तर दोनच गव्हर्नर असतात, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह, आणि तिथला पॉवरसेव्ह लोड आला की टर्बोपर्यंत (नेहमीपेक्षा वरच्या, तात्पुरत्या स्पीडपर्यंत) आरामात जातो. जुन्या एसीपीआय-सीपीयूफ्रेकवरचा पॉवरसेव्ह मात्र खरंच सगळ्यात खालच्या स्पीडला खिळवून ठेवतो. नाव एकच, वागणं वेगळं, ज्याने हे नाव ठेवलं त्याला नमस्कार.

इंटेल_पीस्टेटच्या फोल्डरमध्ये नो_टर्बो फाइल आहे, तिच्यात १ असेल तर टर्बो बंद, ० करायचं. इथे सुडो इको करून बाणाने (>) फाइलमध्ये लिहायला गेलात तर परमिशन डिनाइड येणार, कारण बाणाचं काम शेल करतं आणि शेलला सुडो लागलेलाच नसतो, म्हणून पाइप (|) लावून सुडो टी वापरा. तरीही नाही म्हणाला तर टर्बो बायोसमधून बंद आहे, तिथेच जावं लागेल.

आणि आता माझा किस्सा, टेम्परेचर ४५, फॅन शांत, फुल लोड आणि स्पीड ४०० वरून हलत नाही. सगळ्या फाइली बरोबर, गव्हर्नर परफॉर्मन्स, तरी नाही. हे लक्षण बहुतेक वेळा बीडी प्रॉकहॉटचं. ही एक सिग्नलची तार समजा, मदरबोर्डवरचा दुसरा कुठलाही भाग ती ओढून प्रोसेसरला ‘गरम झालंय, हळू चल’ असं सांगू शकतो, खरं गरम असो वा नसो. चार्जर ओळखला गेला नाही, कमी वॅटचा आहे किंवा बॅटरी मेलीय, तरी काही लॅपटॉप हीच तार ओढतात. त्यामुळे आधी चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर बघा, मग दुसऱ्या बरोबर वॅटच्या चार्जरवर बघा. मग लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, बायोस अपडेट असेल तर तोही करा. माझं चार्जर बदलल्यावर त्याच क्षणी ३ गिगाहर्ट्झच्या वर गेलं, आणि मी दोन रविवार फुकट घालवले होते.

सेन्सरच खराब असेल आणि दुसरा इलाज नसेल तर इंटेलवर तो सिग्नल दुर्लक्षित करता येतो. एमएसआर-टूल्स टाका (एमएसआर म्हणजे प्रोसेसरच्या आतली सेटिंगची रजिस्टरं), मॉडप्रोब एमएसआर करा, मग रीडएमएसआरने ०एक्स१एफसी नंबरचं रजिस्टर वाचा. शेवटचा बिट १ असेल, उदाहरणार्थ आकडा डी ने संपत असेल, तर बाकी काही न बदलता तो बिट ० करून (डी चा सी करून) राइटएमएसआरने परत लिहा. सिक्युअर बूट (बायोसमधली सुरक्षेची सेटिंग) चालू असेल तर कर्नल बहुतेक लिहूच देणार नाही. प्रोसेसरचं स्वतःचं गरमीपासूनचं संरक्षण याने जात नाही, पण बोर्डवरचा दुसरा भाग खरंच तापत असेल तर त्याचं ऐकणारं कोणी उरत नाही, त्यामुळे चार्जर-बॅटरी तपासल्याशिवाय हे करूच नका. रीबूट केलं की हे जातं, आणि बऱ्याचदा झोपेतून उठल्यावरही, म्हणून सिस्टमडीची (लिनक्सवर आपोआप कामं चालवणाऱ्या प्रोग्रामची) छोटी सर्व्हिस करायची असेल तर ती बूटला आणि रिझ्यूमला दोन्हीकडे चालेल अशी करा.