पावसाळी हंगामात हौशी क्रिकेट स्पर्धा कशी चालवावी

हौशी क्रिकेटमध्ये जे सामने ‘पावसामुळे रद्द’ अशी नोंद होऊन संपतात, त्यांपैकी बरेच खरे तर वेळेवर निर्णय न झाल्यामुळे हातचे जातात. पाऊस थांबलेला असतो, ऊनही पडलेले असते. पण किती षटकांचा सामना खेळायचा, उशिरात उशिरा किती वाजेपर्यंत वाट पाहायची आणि अंतिम शब्द कोणाचा, हे आधी ठरलेले नसल्याने कर्णधार वाद घालत बसतात आणि उरलेला उजेड संपतो. म्हणून पावसाळी हंगामाची तयारी नियमांच्या कागदापासून सुरू करावी. कव्हर आणि रोलर यांचा विचार त्यानंतर.

पहिला प्रश्न वेळापत्रकाचा. आठ संघांची एकेरी साखळी घेतली, तर २८ सामने होतात. चार-चार संघांचे दोन गट केले, तर गटातले १२, दोन उपांत्य आणि एक अंतिम असे १५ सामने पुरतात. पावसाची शक्यता अधिक असेल तर दुसरी रचना साहजिकच सोयीची वाटते, परंतु तिच्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला गटात तीनच सामने येतात आणि त्यांतला एक वाहून गेला की एक तृतीयांश साखळी संपते. त्यामुळे गटपद्धत स्वीकारणाऱ्यांनी बाद फेरीआधी एक आठवडा पूर्ण मोकळा ठेवावा आणि राहिलेले सामने त्यात बसवावेत. सगळे राखीव दिवस अंतिम सामन्यासाठी साठवून ठेवण्याची जी प्रथा दिसते, ती मला उलटी वाटते.

त्यानंतर षटकांचे गणित कागदावर मांडावे. निकालासाठी दुसऱ्या संघाला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात किमान २० आणि ट्वेंटी-२० सामन्यात किमान ५ षटके मिळावी लागतात. हौशी स्पर्धेने आपल्या सोयीचा आकडा ठरवावा, पण तो पहिल्या सामन्याआधी लेखी असावा. एका षटकाला साधारण चार मिनिटे लागतात असे धरले, तर खेळ सुरू होण्यास उशीर झालेल्या दर आठ मिनिटांमागे दोन्ही संघांचे एकेक षटक कमी होते. उजेड सहा वाजेपर्यंत टिकतो आणि प्रत्येकी किमान १५ षटके हवीत असे समजू: तीस षटकांची १२० मिनिटे आणि डावांमधली दहा मिनिटे वजा केली की तीन वाजून पन्नास मिनिटे ही शेवटची वेळ ठरते. त्यानंतर खेळ सुरू करायचा नाही, मग आकाश कितीही निरभ्र होवो. गोलंदाजाला डावाच्या एक पंचमांश षटकांची मर्यादा असल्यास तीही त्याच हिशेबात घटवावी. १८ षटकांच्या डावात तीन गोलंदाजांना प्रत्येकी चार आणि दोघांना प्रत्येकी तीन षटके, अशी विभागणी होते.

धावांचे लक्ष्य बदलण्याची पद्धत हा सर्वाधिक भांडणांचा विषय आहे. १९९२ च्या विश्वचषकातील सिडनीच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला इंग्लंडविरुद्ध १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पावसानंतर त्या काळच्या नियमाने एकाच चेंडूत २१ धावांचे लक्ष्य उरले. त्या प्रकारानंतर उरलेली षटके आणि हाताशी असलेले गडी या दोन्हींवरून लक्ष्य ठरवणारी फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस यांची पद्धत पुढे आली, १९९७ मध्ये ती प्रथम वापरली गेली आणि नंतर स्टीव्हन स्टर्न यांचे नावही तिला जोडले गेले. हौशी आयोजक मात्र अजूनही सरासरी धावगतीवर भागवतात, कारण ती तोंडी काढता येते. ती किती फसवी असते ते पाहा. पहिल्या संघाने ४० षटकांत १८० धावा केल्या आणि पावसामुळे दुसऱ्या संघाला सुरुवातीपासून ३० षटकेच मिळाली, तर सरासरीने लक्ष्य १३६ होते. डकवर्थ-लुईसच्या प्रमाण आवृत्तीच्या तक्त्यात दहा गडी हाताशी असताना, पूर्ण ५० षटकांच्या तुलनेत, ४० षटकांचे मोल ८९.३ टक्के आणि ३० षटकांचे ७५.१ टक्के धरले आहे. त्या हिशेबाने लक्ष्य १५२ येते. हा १६ धावांचा फरक पाठलाग करणाऱ्या संघाला फुकट मिळतो, आणि नाणेफेक जिंकणारा प्रत्येक कर्णधार ढग पाहून क्षेत्ररक्षण का घेतो याचे उत्तरही त्यातच आहे. तक्ता छापून गुणलेखकाजवळ ठेवावा. डावाच्या मध्येच खेळ थांबला, तर त्या क्षणीची षटके, चेंडू, धावा आणि बाद झालेले गडी त्याने लगेच टिपून दोन्ही कर्णधारांची सही घ्यावी, कारण गडी किती पडले यावर पुढचे सगळे गणित अवलंबून असते.

आता मैदान. कव्हर पाऊस येण्याआधी पडले तरच उपयोगाचे. भिजलेल्या खेळपट्टीवर टाकलेले कव्हर ओल आतच कोंडते. खराब हवामानात गोलंदाजांच्या धावण्याचा मार्ग शक्य तेव्हा झाकावा असे क्रिकेटचे नियम सांगतात, आणि जवळ कापड असेल तर त्याचा बराचसा भाग झाकलेला बरा, कारण अनेकदा खेळपट्टी कोरडी असूनही गोलंदाजाचे पाऊल जिथे पडते तिथल्या चिखलामुळेच सामना अडतो. कव्हरवर साठलेले पाणी उताराच्या बाजूला, खेळपट्ट्यांच्या मधल्या भागापासून दूर नेऊन सोडावे. घाईघाईने शेजारच्या पट्टीवर ओतलेले पाणी पुढच्या आठवड्यातला सामना बुडवते. पाऊस थांबताच कव्हर काढून हवा लागू द्यावी, नाहीतर आतल्या दमटपणाने गवतावर बुरशी धरते. ओल्या मातीवर रोलर कदापि फिरवू नये: माती रोलरला चिकटते आणि वरचा थर सोलून निघतो. अंगठा दाबून पाहावा. ठसा उमटत असेल तर रोलरही नाही आणि सामनाही नाही.

बाहेरच्या गवतावरचे थेंब दोघांनी लांब दोर ओढत नेऊन झाडावेत आणि साचलेले पाणी स्पंजाने टिपावे. हट्टी डबक्यात बागकामाच्या दातेरी काट्याने खोल छिद्रे पाडली तर पाणी झिरपते, पण हा उपाय खेळपट्टीजवळ करू नये. ओले गवत कापू नये, वाहन मैदानात आणू नये. पाय रोवण्याच्या जागी लाकडाचा भुसा टाकण्यास नियमांची परवानगी आहे. एवढे करूनही मैदान ओलेच राहिले, तर त्या दिवसाचा सामना सोडून द्यावा, कारण एका दुपारच्या हट्टापायी उखडलेली खेळपट्टी उरलेला हंगाम बिघडवते.

खेळण्यायोग्य परिस्थिती आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार नियमांनी पंचांनाच दिला आहे. जमीन इतकी निसरडी असेल की गोलंदाजाला पाय रोवता येत नाही, क्षेत्ररक्षकांना मोकळेपणे हलता येत नाही किंवा फलंदाजांना धावता येत नाही, तर खेळ थांबवावा लागतो. तटस्थ पंच नसतील, तर दोन्ही संघांबाहेरची एक व्यक्ती आधीच नेमावी; हरणाऱ्या कर्णधाराला ढग नेहमीच अधिक काळे दिसतात. विजेच्या बाबतीत मात्र चर्चेला जागा नाही. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा त्याहून कमी वेळ गेला, तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि सर्वांनी पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या मोटारीत जावे. झाड, तंबू, उघडा मंडप यांचा आसरा चालत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे सरल्याशिवाय मैदानात परतू नये.

चेंडू भिजला तर पंचांनी मान्य केलेल्या कापडाने पुसता येतो. तो निरुपयोगी झाला तर तितकाच वापरलेला दुसरा चेंडू लागतो, म्हणून जुने चेंडू टाकून न देता जपावेत. रद्द झालेल्या सामन्याचे गुण समान वाटावेत आणि निव्वळ धावगतीत तो सामना धरू नये. पंचांना किती मानधन द्यायचे, तेही आधीच ठरवावे.

राखीव दिवशी सामना नव्याने खेळायचा की थांबला तिथून पुढे, हा शेवटचा आणि बहुधा राहून जाणारा मुद्दा. २००२ च्या चॅम्पियन्स ट्रॉफीचा कोलंबोतील अंतिम सामना राखीव दिवशी नव्याने सुरू झाला. श्रीलंकेने दोन दिवसांत शंभर षटके फलंदाजी केली, भारताला अकराही मिळाली नाहीत आणि दोन्ही संघ संयुक्त विजेते ठरले. २०१९ च्या विश्वचषकातील भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना मात्र दुसऱ्या दिवशी थांबला तिथूनच पुढे सुरू झाला आणि निकाल लागला. हौशी स्पर्धेने हीच दुसरी रीत घ्यावी. तेच अकरा खेळाडू दुसऱ्या दिवशीही हजर लागतात, तेव्हा राखीव तारखा नावनोंदणीच्या अर्जावरच छापाव्यात.