साधने नवी, अडचणी त्याच: सॉफ्टवेअर टीमने टाळाव्यात अशा चुका

कोडमधील बदलांचा इतिहास सांभाळणारे गिट, कोड रिव्ह्यू (सहकाऱ्याने केलेली कोडची तपासणी), स्वयंचलित चाचण्या, सीआय (प्रत्येक बदलानंतर आपोआप होणारे बिल्ड आणि चाचण्या) आणि कामांच्या तिकिटांचा बोर्ड हे सगळे हाताशी असूनही प्रत्येक रिलीजच्या आदल्या रात्री जागरण करावे लागत असेल, तर दोष बहुधा साधनांचा नसतो. अशा टीमच्या रिपॉझिटरीचा, म्हणजे कोडच्या साठ्याचा, इतिहास उघडून पाहिला की बहुतेक वेळा एकच गोष्ट नजरेस येते: बदल फार मोठे असतात आणि मुख्य ब्रँचपासून, म्हणजे सर्वांच्या सामायिक कोडपासून, ते फार काळ दूर राहिलेले असतात. मर्जच्या (बदल एकत्र करण्याच्या) वेळचे कॉन्फ्लिक्ट (एकमेकांशी न जुळणारे बदल), रखडलेले रिव्ह्यू आणि मागे घेता न येणारे रिलीज या तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या, तरी त्यांचा माग काढत गेल्यास आपण बरेचदा याच ठिकाणी येऊन पोहोचतो.

लांबत जाणाऱ्या ब्रँच

एखादी फीचर ब्रँच (नव्या सुविधेसाठी काढलेली कोडची वेगळी शाखा) तीन आठवडे वेगळी राहते, तेवढ्या काळात मुख्य ब्रँच बरीच पुढे निघून जाते आणि मर्जच्या दिवशी कॉन्फ्लिक्टचा ढीग समोर येतो. या टप्प्यावर अनेक जण अधिक चांगले मर्ज टूल शोधू लागतात. मात्र गिटने दाखवलेले कॉन्फ्लिक्ट त्रासदायक असले तरी निदान दिसतात. जे गिटला कळतच नाहीत, ते अधिक धोक्याचे. समजा, एकाने टाइमआउटचे (किती वेळ वाट पाहायची ते ठरवणारे) फंक्शन सेकंदांऐवजी मिलिसेकंद घेईल असे बदलले आणि तोवर लिहिलेल्या सर्व कॉलमध्ये ३० च्या जागी ३०००० केले. त्याच काळात दुसऱ्या सहकाऱ्याने वेगळ्या फाइलमध्ये याच फंक्शनला जुन्या समजुतीने ३० देऊन एक नवा कॉल लिहिला. दोन्ही ब्रँचच्या चाचण्या आपापल्या जागी हिरव्या (पास) असतात, मर्जही विनातक्रार पार पडते आणि प्रॉडक्शनमध्ये (वापरकर्त्यांच्या चालू प्रणालीत) तो नवा कॉल ३० मिलिसेकंदांत मान टाकतो. म्हणूनच चाचण्या केवळ ब्रँचवर न चालवता मुख्य ब्रँचमध्ये मिसळल्यानंतर जो कोड तयार होईल त्याच्यावर चालवाव्यात. गिटहब आणि गिटलॅब या कोड ठेवण्याच्या सेवांमधील अनुक्रमे मर्ज क्यू आणि मर्ज ट्रेन ही सोय त्याचसाठी आहे. सेकंद आणि मिलिसेकंद यांना भाषेतच स्वतंत्र टाइप देता आले, तर कंपाइलरच ही चूक पकडतो.

ब्रँच लांबण्यामागे पुष्कळदा एखाद्या पद्धतीची आंधळी नक्कल असते. व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी २०१० मध्ये मांडलेली गिट-फ्लो ही रचना डेव्हलप, रिलीज आणि हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) अशा अनेक ब्रँच सांभाळते. ज्या सॉफ्टवेअरच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी वापरात असतात, त्याला ती आजही शोभते. दिवसातून अनेकदा डिप्लॉय होणाऱ्या, म्हणजे सर्व्हरवर चढवल्या जाणाऱ्या, वेब ॲप्लिकेशनसाठी मात्र अधिक साधी पद्धत निवडावी, अशी टीप खुद्द ड्रिसेन यांनीच २०२० मध्ये आपल्या मूळ लेखाला जोडली. तरीही ही रचना नियमशास्त्र असल्यासारखी पाळणाऱ्या टीम अजून भेटतात, याचे नवल वाटते.

काम अर्धवट असले तरी ते रोज मुख्य ब्रँचमध्ये जावे आणि वापरकर्त्याला दिसू नये म्हणून फीचर फ्लॅगमागे (सुविधा चालू-बंद करणाऱ्या कोडमधील स्विचमागे) राहावे, हा यावरचा रुळलेला उपाय आहे. मात्र काम संपलेला फ्लॅग त्याच्यामागच्या कोडसह काढून टाकण्याची तारीख तो लावतानाच ठरवावी लागते. नाइट कॅपिटल या अमेरिकन ब्रोकरेज कंपनीत १ ऑगस्ट २०१२ रोजी काय घडले, ते या संदर्भात प्रत्येक टीमने वाचण्यासारखे आहे. नवा कोड आठ सर्व्हरवर हाताने चढवायचा होता, त्यांपैकी एक राहून गेला. नव्या सुविधेसाठी एक जुना फ्लॅग पुन्हा वापरला होता आणि त्या राहिलेल्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षे निकामी पडलेला कोड जागा केला. गोंधळ आवरण्यासाठी उरलेल्या सात सर्व्हरवरून नवा कोड काढला गेला. फ्लॅग मात्र चालूच राहिल्याने त्या सातांवरही जुना कोड धावू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. हाताने केलेले डिप्लॉय, पुन्हा वापरलेला फ्लॅग आणि कधीही तालीम न झालेला रोलबॅक (बदल मागे घेणे) यांपैकी एकच चूक असती, तर ती कदाचित निभावली असती.

नावापुरता रिव्ह्यू

चाळीस ओळींच्या पुल रिक्वेस्टवर (बदल मुख्य ब्रँचमध्ये घेण्याच्या विनंतीवर) दहा शेरे येतात आणि दोन हजार ओळींच्या पुल रिक्वेस्टवर ‘ठीक वाटते’ एवढाच एक शेरा येतो. रिव्ह्यू करणाऱ्याला दोष देण्यापूर्वी त्याच्यासमोर काय ठेवले होते ते पाहावे. फाइलींची नावे बदलणे, फॉरमॅटिंग आणि वर्तनातील खरा बदल हे तिन्ही एकाच पुल रिक्वेस्टमध्ये कालवले असतील, तर महत्त्वाच्या पंधरा ओळी कोणाच्याही नजरेतून निसटतील. नामांतर आणि पुनर्रचना आधी वेगळ्या कमिटमध्ये (गिटमध्ये एकत्र नोंदवलेल्या बदलात) करावी, वर्तनातील बदल त्यानंतर यावा. फॉरमॅटिंगचा वाद प्रिटियर किंवा ब्लॅक यांसारख्या फॉरमॅटरवर (कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनावर) सोपवून कायमचा मिटवावा. संपूर्ण कोड एकदाच फॉरमॅट केल्यास गिट ब्लेममधील (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेतील) माहिती निरुपयोगी होईल, ही भीती रास्त आहे. पण दुर्लक्ष करायच्या कमिटची यादी गिट ब्लेमला देण्याची सोय २०१९ पासून उपलब्ध आहे.

‘पुन्हा चालवा’चे बटण

कधी पास आणि कधी नापास होणाऱ्या चाचणीकडे टीम सहसा किरकोळ उपद्रव म्हणून पाहते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. प्रत्येक चाचणी विनाकारण नापास होण्याची शक्यता हजारात एक एवढीच असली, तरी अशा ५०० चाचण्यांचा संच सुमारे ३९ टक्के वेळा विनाकारण लाल होईल. मग लाल रंगाचा धाक उरत नाही, पुन्हा चालवण्याची सवय जडते आणि खरा दोषही त्याच सवयीत खपून जातो.

कारणे शोधताना ठरावीक जागा आधी तपासाव्यात. ठरावीक सेकंद थांबणारा स्लीप काढून त्याऐवजी अपेक्षित स्थिती येईपर्यंत वाट पाहावी आणि त्याला कमाल मर्यादा घालावी. मध्यरात्री किंवा महिनाअखेरीलाच नापास होणारी चाचणी थेट घड्याळ वाचत असते. तिला वेळ बाहेरून पुरवावी. एकटी चालवल्यावर पास होणारी आणि संपूर्ण संचात नापास होणारी चाचणी दुसऱ्या चाचणीने मागे ठेवलेल्या डेटावर अडखळत असते आणि चाचण्यांचा क्रम मुद्दाम यादृच्छिक केला की असे लपलेले संबंध लवकर उघडे पडतात. लगेच दुरुस्ती शक्य नसेल, तर ती चाचणी मुख्य संचातून बाजूला काढावी. परंतु तिच्यावर कोणाचे तरी नाव आणि तारीख असल्याशिवाय नव्हे.

‘माझ्या मशीनवर चालते’

लॉक फाइल (वापरलेल्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) रिपॉझिटरीत नसणे, किंवा असूनही सीआयमध्ये जावास्क्रिप्टची पॅकेजे बसवणाऱ्या एनपीएम या साधनाची एनपीएम सीआय ही आज्ञा सोडून एनपीएम इन्स्टॉल चालवणे, हे या नेहमीच्या सबबीमागचे सर्रास कारण. पहिली आज्ञा लॉक फाइलबरहुकूम चालते आणि ती प्रकल्पाच्या पॅकेज-यादीशी जुळत नसल्यास तिथेच थांबते. दुसरी मात्र लॉक फाइलमध्ये बदलही करू शकते. डॉकर इमेजला (ॲप्लिकेशन आणि त्याला लागणारे सारे एकत्र बांधलेल्या प्रतीला) ‘लेटेस्ट’ हा, ज्याखालची आवृत्ती बदलत राहते असा, टॅग लावण्यातही हाच धोका आहे.

पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) चुकून कमिट झाली, तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढून काहीच साधत नाही, कारण ती इतिहासात तशीच राहते. की आधी रद्द करून नवी घ्यावी. गिट फिल्टर-रेपो या साधनाने इतिहास साफ करणे हे त्यानंतरचे काम.

प्रॉडक्शन बिघडल्यावर

रिलीजनंतर त्रुटी वाढल्या, तर आधी रिलीज मागे घ्यावे आणि कारण नंतर शोधावे. हा क्रम सर्वांना तोंडपाठ असतो, पण डेटाबेसमुळे तो पुष्कळदा पाळता येत नाही. एखाद्या कॉलमचे नाव एकाच मायग्रेशनमध्ये (डेटाबेसच्या रचनेतील बदलात) बदलले की जुन्या कोडला तो कॉलम सापडत नाही आणि परतीची वाट बंद होते. त्याऐवजी नवा कॉलम जोडावा, काही काळ दोन्हींमध्ये लिहावे, जुना डेटा नव्यात भरावा, वाचन नव्याकडे वळवावे आणि सारे स्थिरावल्यावर नंतरच्या एखाद्या रिलीजमध्ये जुना कॉलम काढावा. हे वेळखाऊ वाटते, मात्र यातील प्रत्येक पायरीवरून एक पाऊल मागे येता येते.

कारण शोधताना लॉग वाचूनही धागा लागत नसेल, तर दरवेळी मधले कमिट तपासून उरलेली शक्यता निम्मी करत जाणारे गिट बायसेक्ट वापरावे. चांगली आणि बिघडलेली आवृत्ती यांच्यात हजार कमिट असले, तरी साधारण दहा तपासण्यांत दोषी कमिट हाती लागते. अर्थात, प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे बिल्ड होणारे आणि लहान असेल तरच याचा फायदा. दोषी कमिट तीन हजार ओळींचे निघाले, तर शोध तिथून नव्याने सुरू होतो.

बॅकअपच्या बाबतीत गिटलॅबने स्वतःच जाहीर केलेला ३१ जानेवारी २०१७ चा प्रसंग बोलका आहे. एका अभियंत्याकडून दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. नेहमीचा बॅकअप पोस्टग्रेस या डेटाबेसच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे तयारच होत नव्हता आणि त्याची सूचना देणारे ईमेलही नाकारले जात होते. अखेर सुमारे सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) कामी आला. बॅकअप झाल्याचा संदेश येतो की नाही, एवढ्यावर विसंबू नये. ठरावीक दिवशी तो रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करावा, मुख्य टेबलांतील नोंदी मोजाव्यात आणि एकूण किती वेळ लागला ते लिहून ठेवावे. बिघाडाच्या वेळी सेवा कधी सुरू होईल, या प्रश्नाचे उत्तर त्याच आकड्यावरून देता येते.