नदीतला क्रेफिश पकडून खायचाय? आधी या चुका टाळा

सासूबाई रत्नागिरीहून पहिल्यांदा इंग्लंडला आल्या, तेव्हा परातीत बर्फावर ठेवलेले क्रेफिश बघून म्हणाल्या, "अगो, ही तर शेवंडीची पिल्लं!" दिसतात खरी तशी. पण आपली शेवंड समुद्रातली आणि तिला नांग्या नसतात. हा गोड्या पाण्यातला जीव, जेमतेम वीतभर वाढणारा, आणि नांग्या चिंबोरीसारख्या दणकट. भारतात क्रेफिशची मूळची एकही जात नाही, म्हणून आपल्याकडे त्याला नावही नाही.

इथल्या नद्यांत सध्या ज्याचा सुळसुळाट आहे तो सिग्नल क्रेफिश, उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातून आणलेला. चव कोळंबी आणि शेवंड यांच्या मधली, गोडसर. उन्हाळा आला की इथल्या मराठी मंडळींचे प्रश्न सुरू होतात: कुठे मिळतो, कसा पकडायचा, रस्सा कसा करायचा. उत्तर देताना मी आधी चुकाच सांगते, कारण त्यातल्या काही नदीला फार महाग पडतात.

"आपण खाल्ला की संपेल"

ही सगळ्यात मोठी चूक, आणि चांगल्या मनाची माणसंच ती करतात.

हा प्राणी इथे आला तोच मुळी ताटासाठी. स्वीडनमध्ये क्रेफिश म्हणजे ऑगस्टमधली मेजवानी. 1907 मध्ये तिथे क्रेफिश प्लेग, म्हणजे क्रेफिशना होणारा जीवघेणा साथीचा रोग, पोचला आणि त्यांची मूळ जात नदीमागून नदीतून नाहीशी होऊ लागली. मग 1960 च्या सुमारास अमेरिकेतून सिग्नल क्रेफिश आणला, कारण तो या रोगाने सहसा मरत नाही. मरत नाही, पण रोग अंगावर बाळगतो. ब्रिटनमध्ये 1976 पासून त्याची शेती सुरू झाली, ते स्कँडिनेव्हियातली मागणी डोळ्यासमोर ठेवून. तळ्यांतून तो निसटला. 1981 मध्ये ली नदीत प्लेगची नोंद झाली आणि इथल्या मूळच्या पांढऱ्या नांग्यांच्या क्रेफिशची घसरण सुरू झाली. शिवाय सिग्नल काठाच्या मातीत बिळं करतो. पूर आला की पोखरलेला काठ ढासळतो, माती पाण्यात जाते आणि माशांची अंडी त्या गाळाखाली गाडली जातात.

आता सापळ्याचं गणित बघा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी नॉर्थ यॉर्कशरमधल्या एका ओढ्याचे तुकडे बांध घालून कोरडे केले आणि आतले क्रेफिश मोजले. 2020 च्या सुमारास निष्कर्ष आले: काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये शंभराहून जास्त. आणि नेहमीच्या सापळ्यात सापडतील एवढे मोठे किती? फक्त 2.3 टक्के. बाकी सगळी पिल्लावळ. सापळ्यात येतात ते मोठे, त्यातही बहुतेक नर. हे मोठे एरवी लहानांना खातात. ते उचलले की पिल्लांना रान मोकळं.

हे आपल्याला नवीन वाटायला नको. चिलापी, म्हणजे तिलापिया मासा, भारतात 1952 मध्ये बाहेरून आणली. आज भिगवणच्या हॉटेलांत ताटाताटात चिलापी असते. तिथल्या उजनी धरणातली चिलापी संपली का?

उलट बाजार उभा राहिला की तो प्राणी राहावा अशीच सगळ्यांची गरज होऊन बसते. स्पेनमध्ये 1974 मध्ये ग्वादलकिवीर नदीच्या दलदलीत लुइझियानाचा लाल क्रेफिश सोडला. आज तिथल्या इस्ला मायोर गावाचं पोट त्यावर चालतं. 2016 मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या व्यापाराला मनाई केली, तेव्हा गाव हवालदिल झालं, आणि 2018 मध्ये कायदा बदलून वाट काढावी लागली. त्या गावकऱ्यांना मी दोष देणार नाही. पण "खाऊन संपवू" म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

खा, आवडतो म्हणून खा. फक्त "पुढच्या वर्षी आपल्याही ओढ्यात मिळतील" म्हणून दोन-चार नव्या पाण्यात सोडू नका. एका मादीच्या पोटाखाली दोनशे-चारशे अंडी असतात.

न ओळखता हात घालणं

पांढऱ्या नांग्यांच्या मूळ जातीला 1981 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. सिग्नलच्या नांगीच्या सांध्याजवळ निळसर पांढरा डाग असतो, आणि नांगी उलटी केली की खालची बाजू लालभडक दिसते. मूळ जातीची खालची बाजू मळकट पांढरी किंवा फिकट गुलाबी. पिल्लं ओळखणं मात्र अनुभवी माणसालाही जड जातं. शंका असेल तर त्याला जिथे आहे तिथेच राहू द्या.

परवानगीशिवाय सापळा, आणि घरी जिवंत नेणं

इंग्लंडमध्ये सापळा लावायला एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेची लेखी परवानगी लागते आणि जमीनमालकाचीही. सापळ्याचं मापही ठरलेलं आहे: लांबी 600 मिलिमीटर, रुंदी 350, आणि तोंड 95 पेक्षा मोठं नको, नाहीतर पाणमांजर आत अडकून बुडतं. ऑनलाइन मिळणारे सगळेच सापळे या मापात बसत नाहीत, विकत घेण्याआधी टेप लावा. स्कॉटलंडमध्ये हौशी माणसाला हे करताच येत नाही.

"घरी बाथटबमध्ये दोन दिवस ठेवा, पोट साफ होतं" हा सल्ला अजून फिरतो. ऐकू नका. वेगळा परवाना नसेल तर जिवंत नेणं-ठेवणं बेकायदेशीर आहे, आणि पकडलेला सिग्नल पुन्हा पाण्यात सोडणंही. काठावरच बर्फात घालून सुन्न करा, मग धारदार सुरीने डोक्याच्या मधोमध झटकन चिरा. 2022 च्या कायद्याने इथे खेकडा-शेवंडवर्गाला वेदना जाणवतात हे मान्य केलं आहे, आणि मला ते मनापासून पटतं. मेलेला क्रेफिश बर्फातच ठेवून त्याच दिवशी शिजवा. उशीर झाला की मांस आतून लगद्यासारखं होतं.

परत निघताना बूट, जाळी, दोरी धुऊन खडखडीत वाळवा. प्लेगचे बीजाणू ओलसर सामानावरून दुसऱ्या नदीत जातात. क्रेफिश न्यायची गरजही पडत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच: मत्स्यटाकीसाठी घेतलेला क्रेफिश कंटाळा आला म्हणून नदीत, तलावात सोडू नका. संगमरवरी क्रेफिश नावाची जात नराशिवाय प्रजा वाढवते. मादागास्करची भातखाचरं एका मादीच्या वंशाने भरली आहेत.

स्वयंपाकघरात

पहिल्या वेळी मी चिंबोरीसारखे अख्खे क्रेफिश मालवणी वाटपात वीस मिनिटं उकळले. शेपट्या रबर झाल्या. आता खळखळत्या खारट पाण्यात थोडे थोडे घालते, पुन्हा उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं, बस्स. सोललेलं मांस तयार रश्श्यात शेवटची दोन मिनिटं.

एक किलोतून मांस निघतं साधारण दीडशे ग्रॅम. चार पाहुणे बोलावले असतील तर बाजूला दुसरं कालवण ठेवा.

काळा दोरा (म्हणजे आतडं) काढताना शेपटीच्या पंख्याचं मधलं पातं धरा, हलकं पिळा आणि ओढा. अख्खा दोरा बाहेर येतो, बाथटबची गरजच नाही. उकडल्यावर शेपटी सरळ राहिली म्हणून फेकू नका. भांड्यात दाटी झाली तरी ती सरळ राहते. मांस दाबून बघा: घट्ट असेल तर चांगलं, पिठूळ असेल तर टाका.

लिंबात किंवा कोकमाच्या आगळात मुरवून कच्चं खाणं मात्र अजिबात नको. कच्च्या मांसातून पोटात जाऊन फुप्फुसात घर करणारा पर्णकृमी (चपटा परजीवी जंत) आंबटाने मरत नाही. मणिपूरमध्ये कच्च्या खेकड्यांमुळे, अमेरिकेत कच्च्या क्रेफिशमुळे लोक आजारी पडले आहेत, आणि तो खोकला क्षय समजून उपचार झाल्याचीही उदाहरणं आहेत. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी क्रेफिशपासून लांब राहावं. कारखान्याच्या किंवा गटाराच्या खालच्या अंगाला पकडलेले तर नकोच. जड धातू उकळून जात नाहीत.

आणि कच्ची टरफलं, डोकी नदीकाठी टाकू नका. मी ती उकडल्यानंतरच सोलते, मग तीच कांदा, लसूण, मिरी घालून अर्धा तास उकळते आणि गाळून घेते. नारळाच्या दुधात घातलं की नुसत्या भाताबरोबर पुरतं. सासूबाईंनी त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.