जुन्या ट्रकच्या ऑइल चेंबरचे पॅकिंग बदलताना
चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाशी बोल्टांनी बसवलेले तेलाचे भांडे, उतरवण्यापूर्वी इंजिन पुसून कोरडे करावे आणि ते चालू ठेवून गळती नेमकी कुठून होते ते पाहावे. कारण टॅपेट कव्हरमधून (इंजिनच्या वरच्या झाकणातून) किंवा क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलमधून ओघळलेले तेलही चेंबरच्या कडेलाच जमते आणि चांगले पॅकिंग (चेंबर व इंजिन यांच्यामधली गळती रोखणारी पट्टी) विनाकारण बदलले जाते.

चेंबर पत्र्याचे असेल, तर वर्षानुवर्षे आवळलेल्या बोल्टांमुळे भोकांभोवतीची कड वर उचललेली असते. माझ्या मते नवे पॅकिंगही गळण्याचे मुख्य कारण हेच आहे. कडेवर सरळ पट्टी धरून उंचवटे शोधावेत आणि खाली लाकडी ठोकळा ठेवून ते हलक्या हातोडीने सपाट करावेत. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडून काढावा. सिलिकॉन (गळती रोखणारी पेस्ट) फक्त टायमिंग कव्हर (इंजिनच्या पुढचे झाकण) व बेअरिंग कॅपच्या (क्रँक धरून ठेवणाऱ्या टोपीच्या) सांध्यांवर, तेही पातळ लावावे, कारण आत फुगलेला तुकडा सुटून तेलाच्या जाळीत अडकू शकतो.

बोल्ट मधून टोकांकडे, आलटूनपालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. कॉर्कचे पॅकिंग बोल्टांमध्ये बाहेर फुगू लागले, तर बोल्ट जास्त आवळले गेले असे समजावे.