संबंधाच्या वेळी दुखत असेल तर काय करावे

लग्नानंतर संबंधाच्या वेळी दुखते, आग होते किंवा प्रवेशच होत नाही, अशा तक्रारी मुळीच दुर्मीळ नाहीत. परंतु स्त्रीरोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचण्याआधी ‘सुरुवातीला दुखायचेच, सोसावे लागते’ हा घरचा सल्ला बहुतेकींच्या कानावर पडलेला असतो. तो मुळीच मानू नये. वेदना होत असताना संबंध रेटला, तर पुढच्या वेळी शरीर भीतीने आधीच सावध होते, योनिमार्गाभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात आणि त्रास वाढत जातो. दुखू लागताच थांबावे आणि पतीने त्यावर रुसू नये.

लग्नाची तारीख ठरली म्हणजे मनाची तयारी झाली, असे होत नाही. अनेक जोडप्यांची खरी ओळख हळद उतरल्यावरच सुरू होते, तेव्हा पहिल्याच रात्री काही ‘पार पाडण्याचे’ कारण नाही. पत्नीचे वय 18 वर्षांपेक्षा कमी असेल, तर तिच्याशी ठेवलेला संबंध, तिची संमती असली तरी, बलात्कार ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्पष्ट केले आहे.

शरीराच्या तयारीला वेळ लागतो. उत्तेजना आली की योनिमार्गात ओलावा येतो आणि तो सैलावतो. घाईत हे घडत नाही. नाशिकच्या सिडकोतील दोन खोल्यांच्या घरात पलीकडे सासू-सासरे झोपलेले असताना, किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आल्यावर मन निवांत होणे कठीणच असते, आणि त्याचा दोष कोणाच्याही शरीराला देऊ नये. घरात एकांत मिळेल अशी वेळ दोघांनी बोलून ठरवावी आणि काही दिवस प्रवेशाचा विचारच न करता केवळ स्पर्शाची सवय होऊ द्यावी.

कोरडेपणा असल्यास औषधाच्या दुकानात मिळणारे, पाण्यात विरघळणारे वंगण जेल वापरावे. स्तनपानाच्या काळात आणि पाळी गेल्यानंतर कोरडेपणा वाढतो. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन नेहमीच्या लॅटेक्स कंडोमसोबत वापरू नये, कारण त्याने कंडोम कमकुवत होऊन फाटू शकतो. योनिमार्ग आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुऊ नये. त्याने आग वाढते.

रक्तस्रावाबद्दलची शंका इथेच मिटवावी. योनिपटल, म्हणजे योनिमुखाशी असणारा पातळ पडदा, प्रत्येकीचे निराळे असते, अनेकींना पहिल्या वेळी रक्त येत नाही, आणि त्यावरून कौमार्य ठरवता येत नाही. बलात्कारपीडितांच्या योनिमार्गात बोटे घालून केली जाणारी ‘दोन बोटांची चाचणी’ अशास्त्रीय असल्याचे सांगून ती करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले, तरीही पांढऱ्या चादरीची उठाठेव काही घरांत आजही होते, हे खेदाचे आहे.

खाज, दह्यासारखा किंवा दुर्गंधीयुक्त स्राव, लघवीला जळजळ, संबंधानंतर रक्त जाणे, अथवा पोटात खोलवर दुखणे आणि त्याच्या जोडीला पाळीच्या असह्य वेदना, यांपैकी काहीही असल्यास वाट न पाहता तपासणी करून घ्यावी, कारण यामागे जंतुसंसर्ग किंवा एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतो. शिश्नाची पुढची त्वचा घट्ट असल्यास पुरुषालाही वेदना होतात, तेव्हा त्यानेही डॉक्टरांना दाखवावे. स्नायू आवळण्याच्या त्रासावर समुपदेशन, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आणि क्रमाक्रमाने मोठे होणारे डायलेटर (योनिमार्गाला हळूहळू सवय व्हावी म्हणून आत घालायची गुळगुळीत साधने) यांनी चांगला गुण येतो.

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडवरील जिल्हा शासकीय रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात दाखवता येते. दुखणे कधी सुरू झाले, ते योनिमुखाशी आहे की खोल, पाळीशी त्याचा संबंध आहे का, हे कागदावर लिहून न्यावे, म्हणजे संकोचाने काही राहून जात नाही. महिला डॉक्टरांची विनंती करता येते, आणि तपासणी नको वाटली तर मध्येच थांबवायला सांगता येते. बसस्थानकांच्या भिंतींवर ‘गुप्तरोगाचा हमखास इलाज’ लिहिणाऱ्यांकडे मात्र जाऊ नये. नकार देऊनही बळजबरी होत असेल, तर तो आजाराचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करावा.