राजीनाम्यापूर्वी पेन्शनची वर्षे मोजा

भोसरीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी विभागात होतो. २०१८ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, तेथून राजीनामा देऊन मी आयटीआयमध्ये तासिका तत्त्वावर निदेशक झालो. शिकवण्याची हौस जुनी होती आणि त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो राजीनाम्याची तारीख ठरवताना मांडलेल्या हिशेबाचा. त्यात पीएफची शिल्लक होती, गृहकर्जाचे उरलेले हप्ते होते, मुलीच्या शिक्षणाचा खर्च होता. पेन्शनची वर्षे मात्र मी मोजलीच नव्हती.

मालक पीएफसाठी वेतनाच्या १२ टक्के रक्कम भरतो, त्यातले वेतनाचे ८.३३ टक्के कर्मचारी पेन्शन योजनेत जातात, हे पासबुक पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलेल्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेमुळे ती रक्कम महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये भरते आणि तिच्यावर व्याजही दिसत नाही, म्हणून त्या रकान्याकडे कोणी फारसे पाहत नाही. येथेच फसगत होते. या योजनेत साठलेली रक्कम नव्हे, तर सेवेची वर्षे मोजली जातात. दहा वर्षे भरली, तर ५८ व्या वर्षापासून तहहयात पेन्शन मिळते आणि पुढे जोडीदारालाही मिळते; भरली नाहीत, तर एकरकमी परतावा घेऊन गप्प बसावे लागते. सहा महिने किंवा त्याहून अधिक सेवा पूर्ण वर्ष धरली जात असल्याने साडेनऊ वर्षे झाली की दहा मानतात.

माझी सेवा ९ वर्षे २ महिने झाली होती. आणखी चार महिने थांबलो असतो, तर प्रश्नच नव्हता.

खरी चूक मात्र त्याआधीची. २००९ मध्ये पहिली कंपनी सोडताना, 'सगळेच काढतात' असे सहकाऱ्यांनी सांगितल्यामुळे मी पीएफसाठी फॉर्म १९ भरला आणि त्याच्या जोडीला पेन्शनचे पैसे काढण्यासाठी फॉर्म १०-सी भरला. चाळीस हजारांच्या आसपास रक्कम आली, तिची मोटारसायकल झाली आणि सहा वर्षांची सेवा कायमची पुसली गेली. ती राहिली असती, तर एकूण पंधरा वर्षे झाली असती. पेन्शनपात्र वेतन १५,००० रुपये धरून त्याला १५ ने गुणले आणि ७० ने भागले, तर महिन्याला सुमारे ३,२१४ रुपये होतात. एवढ्याशा रकमेने काय होते, असे ज्यांना वाटते त्यांनी तासिका तत्त्वावरील माणसाला मे महिन्यात विचारावे; तासिका नाही म्हणजे मानधन नाही.

तरीही घाबरून जाऊ नका, कारण वाट पूर्ण बंद होत नाही. दहा वर्षांहून कमी सेवा असताना त्याच फॉर्म १०-सी मध्ये पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेली सेवा पुढच्या नोकरीतल्या सेवेला जोडता येईल असा दाखला, मागता येतो. दुसऱ्या वेळी मी तेच घेतले, पुढे पीएफ कापणाऱ्या एका खासगी प्रशिक्षण केंद्रात वर्षभर नोकरी केली आणि दहा वर्षे पूर्ण केली. दुसऱ्यांदाही पैसे काढले असते, तर १५,००० हून अधिक मूळ वेतनावर नव्याने लागताना पेन्शन योजनेत प्रवेशच मिळाला नसता. 'आठ दिवसांत पैसे काढून देतो' म्हणणाऱ्या दलालांविषयी माझे मत वाईट आहे. त्यांना टक्केवारी मिळते, सर्टिफिकेट घेतल्याने त्यांना काहीच मिळत नाही. निवृत्तीचे नियोजन शिकवता शिकवता विमा पॉलिसी विकणाऱ्या मार्गदर्शकांविषयीही माझे मत फारसे वेगळे नाही.

कंपनीचा गट मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशीच संपतो. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, त्यामुळे वैयक्तिक पॉलिसीची चौकशी नोकरीत असतानाच करावी. पीपीएफ आणि एसआयपीविषयी येथे वेगळे सांगत नाही. ते तुम्ही करतच असाल.

राजीनामा देण्याआधी ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ आणि ही पेन्शन सांभाळणाऱ्या सरकारी संघटनेच्या, सदस्य पोर्टलवर सेवेचा तपशील उघडून प्रत्येक कंपनीची रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख तपासा. पेन्शन पन्नाशीनंतरही सुरू करता येते, मात्र ५८ पूर्वीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कपात होते. चार वर्षे आधी अर्ज केला, तर सुमारे १६ टक्के जातात. आधीच एकदा घाई करून बसलो असल्याने मी ५८ पर्यंत थांबणार आहे आणि तोवर मे महिन्याची तजवीज जूनपासूनच करतो.